तुम्ही कशाच्या भरवशावर जगता?

जगण्याचे तत्त्वज्ञान हा साधुसंतांचा आणि पंडितांचा प्रांत, असे आपण धरून चाललेले असतो. पण रेडिओने एके काळी हा प्रश्न साध्या माणसांपुढे ठेवला आणि त्यांनी तीन-चार मिनिटांत दिलेली उत्तरे आजही ऐकावीशी वाटतात. हाच प्रश्न आपल्या घरात विचारला तर?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिलतरा येते. स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने, धुराच्या चिमण्या, मालाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा आणि पाळी सुटली की रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांवर जमणारी माणसे. इथे छत्तीसगढी बोलणारा असतो, तसाच ओडिशाचा, बिहारचा, उत्तर प्रदेशाचा आणि आपल्या विदर्भाचाही असतो. समजा, अशा एखाद्या टपरीवर कोणी मायक्रोफोन घेऊन आले आणि एकेकाला विचारू लागले, "भाऊ, तुम्ही आयुष्यात कशाच्या भरवशावर चालता? तुमचा विश्वास कशावर आहे?" तर काय उत्तर मिळेल?

बहुतेक जण हसून म्हणतील, "आम्ही काय सांगणार? आम्ही साधी माणसं."

हे उत्तर फक्त सिलतऱ्याच्या कामगाराचे नाही. पुण्याच्या बँकेतला अधिकारी आणि अमरावतीची शिक्षिकासुद्धा बहुधा हेच सांगेल. गंमत अशी की, हीच माणसे रोज सकाळी उठून मोबाइलवर दुसऱ्याचे सुविचार डझनभर लोकांना पाठवत असतात. फुलांच्या चित्रावर छापलेला विचार पुढे ढकलायला वेळ लागत नाही, पण स्वतःच्या आयुष्यातून निघालेला एक विचार सांगा म्हटले की जीभ अडखळते.

म्हणूनच रेडिओवरच्या एका जुन्या उपक्रमाची ओळख करून घ्यायला हवी.

भीतीच्या दिवसांतला कार्यक्रम

१९४९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात चार जण दुपारच्या जेवणाला एकत्र आले होते. दुसरे महायुद्ध संपून फार वर्षे झाली नव्हती. अणुबाँबने काय होते ते जगाने पाहिले होते आणि रशियाशी शीतयुद्ध सुरू झाले होते. शेजारीही संशयाने बघू लागला होता. हा कम्युनिस्ट तर नाही, तो देशद्रोही तर नाही, अशी कुजबुज चालायची. या चौघांना वाटले की पैसा आहे, यंत्रे आहेत, पण माणसे आतून बावरली आहेत. अशा वेळी काही माणसांनी, आपण कशाच्या आधारावर उभे आहोत, हे मोकळेपणाने सांगितले तर इतरांना धीर येईल.

त्या चौघांत एडवर्ड मरो हे पत्रकार होते. महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना तिथून थेट रेडिओवर वृत्तान्त देणारा आवाज म्हणून अमेरिकेतल्या घराघरांत त्यांना ओळखत. १९५१ मध्ये 'धिस आय बिलीव्ह' हा कार्यक्रम सुरू झाला. या नावाचा अर्थ 'माझा यावर विश्वास आहे'. कार्यक्रम पाच मिनिटांचा. मरो प्रास्ताविक करीत आणि मग एक व्यक्ती स्वतःची श्रद्धा स्वतःच्या शब्दांत सांगे.

बोलणाऱ्यांना घातलेल्या अटी मात्र विचारपूर्वक ठरवलेल्या होत्या. प्रवचन नको. धर्माचा किंवा पक्षाचा प्रचार नको. मी काय मानत नाही, कोणाला विरोध करतो, याचा पाढा नको. तुम्ही ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून जगता, तेवढेच सांगा. ऐकायला या अटी सोप्या वाटतात. पण दहा मिनिटे कागद घेऊन बसलात तर कळेल की, दुसऱ्याचे दोष सांगायला पान पुरत नाही आणि स्वतःची श्रद्धा सांगायला चार ओळी सुचत नाहीत.

या कार्यक्रमात हेलन केलर आल्या, एलिनॉर रूझवेल्ट आल्या. जॅकी रॉबिन्सन हा बेसबॉल खेळाडूही आला. १९४७ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल संघात पाय ठेवणारा आधुनिक काळातला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. प्रेक्षकांच्या शिव्या आणि धमक्या त्याने सोसल्या होत्या. तो कडवटपणे बोलला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्याने सांगितले ते असे की, समाजात उणिवा आहेत, त्या असणारच, पण त्या कायमच्या नाहीत. त्यांच्याशी झगडता येते आणि झगडले की बदल होतो, यावर माझा विश्वास आहे. त्याच्या तोंडी हे वाक्य सुविचार राहत नाही, कारण त्याची किंमत त्याने आधी मोजलेली होती.

निवडक शंभर जणांच्या अशा निवेदनांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले आणि खूप खपले. १९५५ मध्ये कार्यक्रम थांबला.

पन्नास वर्षांनी पुन्हा

पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने डॅन गेडिमन हे रेडिओ निर्माते घरी आजारी पडलेले असताना त्यांच्या हाती हे जुने पुस्तक लागले. वाचताना त्यांना वाटले, हे पुन्हा व्हायला हवे. त्यांनी जे ॲलिसन यांच्या साथीने २००५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर हा उपक्रम नव्याने सुरू केला आणि तो २००९ पर्यंत चालला. या वेळी कोणीही निबंध पाठवू शकत होते. मर्यादा होती साडेतीनशे ते पाचशे इंग्रजी शब्दांची, म्हणजे वाचायला साधारण तीन मिनिटे. निबंधांचा ढीग सव्वा लाखाच्या वर गेला. विचारले गेले तर माणसांना सांगायचे असते, हेच यातून दिसले.

या निबंधांत मोठी नावे होतीच. लेखिका इसाबेल अलेंदे यांनी आपल्या लेकीची कहाणी सांगितली. मुलगी बेशुद्धावस्थेत असताना त्यांनी तिची वर्षभर शुश्रूषा केली, पण १९९२ मध्ये ती गेली. लेकीने आयुष्यभर इतरांना देण्यातच समाधान मानले होते. जे आपण देतो तेवढेच आपले उरते, ही त्या दुःखातून हाती आलेली शिकवण अलेंदे यांनी मांडली.

पण लोकांच्या मनात घर करून राहिले ते साध्या माणसांचे निबंध. एका वकील बाईंनी वडिलांची एक शिस्त सांगितली होती. ओळखीच्या कोणाकडे मृत्यू झाला की अंत्यविधीला जायचेच. शाळेत असताना जुन्या शिक्षिका वारल्या, तेव्हा या मुलीला जायचे नव्हते, तरी वडिलांनी जायला लावले. काय बोलावे ते तिला कळत नव्हते. पुढे तिला उमगले की, चांगले आणि वाईट यांतून निवड करण्याची वेळ रोज येत नाही. रोजची निवड असते ती चांगले करणे आणि काहीच न करणे यांतली. वडील गेले तेव्हा आठवड्याच्या ऐन मध्यावर, भर कामाच्या दिवशी प्रार्थनागृह माणसांनी भरले होते. तिच्या वडिलांसारखाच विश्वास धरणारी ती माणसे होती.

हे ऐकताना परके वाटते का? आपल्या घरातली वडीलधारी मंडळीही हेच सांगत आली आहेत की, लग्नाला एक वेळ नाही गेले तरी चालेल, पण दुःखाच्या प्रसंगी जाऊन उभे राहावे. फरक इतकाच की, त्या मुलीने वडिलांची ती शिस्त शब्दांत बांधून ठेवली. आपण ती ऐकतो, पाळतो किंवा विसरतो.

आणखी एका बाईंचा विश्वास होता तो घरी पिझ्झा आणून देणाऱ्या मुलाशी सौजन्याने वागण्यावर. वरवर पाहता हसू येईल. पण पोटासाठी प्रामाणिक कष्ट करणाऱ्याला मान देणे, हे त्या छोट्या विषयाच्या पोटातले मोठे सूत्र होते. तत्त्वज्ञान नेहमी जड शब्दांतच असावे लागते असे नाही. ते दारात आलेल्या माणसाला पाणी विचारण्यातही असते.

आपले 'चिंतन'

आपल्याकडे आकाशवाणीला हा प्रकार अगदीच नवा नाही. सकाळची पहिली सभा सुरू झाली की वंदे मातरम्, मंगलध्वनी आणि त्याच सुमारास पाच मिनिटांचे 'चिंतन', हा क्रम अनेक घरांत चहाच्या आधणाइतकाच ठरलेला होता. नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. रायपूरचे केंद्र १९६३ मधले. शिक्षक, कीर्तनकार, डॉक्टर, लेखक यांनी अशा चिंतनांतून किती तरी चांगले विचार श्रोत्यांपर्यंत पोचवले.

मात्र आपल्या चिंतनाचा बाज पुष्कळदा उपदेशाचा राहिला. 'माणसाने क्रोध आवरावा' असे सांगणे वेगळे आणि 'मला राग फार येत असे, त्यापायी माझा सख्खा भाऊ दुरावला, म्हणून मी असा वागू लागलो' असे सांगणे वेगळे. पहिले ऐकून आपण मान डोलावतो, पण दुसरे ऐकताना हातातला कप थांबतो.

आवाजाची ही ताकद ओळखणाऱ्यांत महात्मा गांधीही होते. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिवाळीच्या दिवशी, ते दिल्लीच्या आकाशवाणी भवनात गेले. फाळणीत घरदार गमावून कुरुक्षेत्राच्या छावणीत राहिलेल्या निर्वासितांना भेटायला त्यांना जाता आले नव्हते, म्हणून ते रेडिओवरून त्यांच्याशी बोलले. रेडिओमध्ये मला शक्ती दिसते, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी तेव्हा काढले. तो दिवस पुढे लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

पण गांधीजी बोलले तर सारे ऐकणारच. सामान्य माणसाचा आवाज ऐकवायला जागा कुठे? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे असे केंद्र उभे राहिले.

छत्तीसगढमध्ये तर २०१० मध्ये वेगळीच वाट निघाली. पूर्वी बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' ही सेवा सुरू केली. साध्या मोबाइलवरून फोन लावायचा. स्वतःचे म्हणणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर एक आकडा दाबायचा, इतरांचे ऐकायचे असेल तर दुसरा. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. रानातल्या पाड्यांवरची माणसे गोंडीत, छत्तीसगढीत, हिंदीत बोलू लागली. कोणी हातपंप बंद असल्याचे सांगे, कोणी रेशन न मिळाल्याचे, तर कोणी गाणे म्हणे. 'आम्ही काय सांगणार' म्हणणाऱ्यांना सांगण्यासारखे बरेच होते, फक्त विचारणारे कोणी नव्हते, हेच त्यातून दिसले.

जळगावच्या घरातले सोने

न विचारल्यामुळे काय हरवू शकते, हे पाहायचे असेल तर बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्या. १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोदे गावी त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख नाही. तिशीतच वैधव्य आले. शेतात आणि घरात राबताना, जात्यावर दळताना त्यांना ओव्या सुचत. जन्म-मरण, मन, कष्ट, नाती यांविषयीचे त्यांचे सारे जीवनदर्शन त्यांत उतरले होते. शेजारच्यांच्या लेखी मात्र ती एका कष्टकरी बाईची गुणगुण होती.

मुलगा सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी झाले, आणि नात्यातले एक गृहस्थ यांनी त्यांतले काही टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले. अत्रे थक्क झाले. त्यांनी आग्रह धरला आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. तिकडे अमेरिकेत शंभर मान्यवरांच्या श्रद्धांचे पुस्तक निघाले, त्याच वर्षी इकडे एका निरक्षर मराठी बाईचे जीवनसूत्र पुस्तकात आले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

विचार करा, मुलाने ते कागदावर उतरवले नसते तर? आणि ज्यांच्या मुलांनी असे काही टिपले नाही, अशा किती बहिणाबाई आपल्या घराघरांतून निघून गेल्या असतील?

परमुलखातल्या घरांसाठी

रायपूर, बिलासपूर, सिलतरा अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस छत्तीसगढात आला. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, म्हणून सरकारी नोकरीच्या निमित्तानेही पुष्कळ कुटुंबे इथली झाली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचे. पुढे कारखान्यांनी आणखी माणसे आणली.

अशा घरांतली तिसरी पिढी शाळेत हिंदी-इंग्रजी शिकते. मराठी तिला कानाने कळते, पण मराठी पत्र वाचायला दिले की ती अडखळते. मग आजोबांची डायरी कपाटात पडून राहते. आजीचा आवाज मात्र नातवाला कळतो. तिची बोलण्याची ढब, मध्येच येणारा वऱ्हाडी शब्द, वाक्य संपवण्याची तऱ्हा, हे कागदावर येतच नाही. लिपी सुटली तरी आवाज पोचतो. म्हणून परमुलखातल्या मराठी घराने घरातल्या मोठ्यांचे बोल ध्वनिमुद्रित करून ठेवणे हा हौसेचा भाग मानू नये. दागिने जपतो तसे तेही जपायला हवे.

आपल्या घरी कसे कराल?

त्यासाठी रेडिओ केंद्राची गरज नाही. हातातल्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असते. थोडी तयारी मात्र हवी.

पहिले म्हणजे प्रश्न नीट विचारा. 'तुमचे तत्त्वज्ञान सांगा' म्हटले तर आजी उठून स्वयंपाकघरात जाईल. त्याऐवजी विचारा, "सगळ्यात कठीण दिवस कोणते होते? तेव्हा कशाच्या जोरावर उभी राहिलीस?" किंवा "आम्ही तुझी कोणती एक गोष्ट सोडू नये, असे तुला वाटते?"

दुसरे, विचारापेक्षा प्रसंग मागा. 'प्रामाणिक राहावे' एवढ्यावर थांबू देऊ नका. "कधी प्रामाणिकपणा महाग पडला का?" असे विचारा. जिथे किंमत मोजली, तिथेच खरा विश्वास असतो.

तिसरे, वेळ बांधून घ्या. आधी तासभर गप्पा मारा. मग त्यातले नेमके निवडून तीन मिनिटांत सांगायला लावा. लिहून काढायचे असेल तर तीनशे-साडेतीनशे शब्द पुरे. मर्यादा असली की पाल्हाळ गळते आणि गाभा उरतो.

चौथे, मध्ये बोलू नका. "तसं नाही हो, ते साल वेगळं होतं" असे म्हणून त्यांना तोडू नका. साल नंतर तपासता येते, तुटलेला धागा पुन्हा जुळत नाही. त्यांची बोली सुधारायलाही जाऊ नका.

पाचवे, परवानगी घ्या. मनातले बोल घरापुरते सांगितलेले असतात. ते नातेवाइकांच्या मोबाइल गटावर टाकण्याआधी त्यांना विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, फक्त घरातल्या कर्त्या पुरुषालाच विचारू नका. आपल्याकडे आजोबांच्या पंच्याहत्तरीला भाषणे होतात, गौरवग्रंथ निघतात. पण ज्या बाईने चाळीस वर्षे त्याच घराचा गाडा ओढला, तिला "तुझा कशावर विश्वास आहे?" असे कोणी कधी विचारलेले नसते. काय रांधू, किती वाजता निघू, डबा भरला का, एवढेच प्रश्न तिच्या वाट्याला येतात. सासूने सुनेला आणि सुनेने सासूला हा प्रश्न विचारून पाहावा. ज्या घरात वर्षानुवर्षे भांड्याला भांडे लागत आले, तिथेही तीन मिनिटे शांत ऐकून घेतल्यावर कदाचित कळेल की, दोघी एकाच गोष्टीसाठी जीव टाकत होत्या.

पटले नाही तर?

एक अडचण येऊ शकते. वडिलांनी सांगितलेला विश्वास मुलाला पटणार नाही. 'कर्ज काढू नये' यावर आयुष्य काढलेल्या माणसाचे म्हणणे, घरासाठी वीस वर्षांचे हप्ते भरणाऱ्या मुलाला जुनाट वाटेल. वाटू द्या. ध्वनिमुद्रण करायचे ते आज्ञा म्हणून पाळण्यासाठी नाही. आपले वडील असे का वागले, नवी सायकल मागितली तेव्हा त्यांनी का नाही म्हटले, हे त्यातून कळते. कारण कळले की मनातली अढी सुटते. पटणे आणि समजणे यांत अंतर आहे, आणि घर टिकायला समजणे पुरते.

तरुणांनीही स्वतःचे तीन मिनिटांचे निवेदन करून ठेवावे. पंचविशीत आपण कशाला महत्त्व देत होतो, हे पंचेचाळिशीत ऐकायला मिळणे ही मोठी शिकवण असते. काही गोष्टी हसण्यावारी जातील, तर काही ऐकून मान खाली जाईल, कारण त्या आपण वाटेत कुठे तरी टाकून आलेलो असू.

या रविवारी दुपारची जेवणे उरकली की मोबाइल बाजूला न ठेवता समोर ठेवा, ध्वनिमुद्रण सुरू करा आणि घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारा. "आम्ही काय सांगणार" असे उत्तर आले तर उठू नका. थोडे थांबा. खरे बोलणे बहुधा त्यानंतरच सुरू होते.